घरी मोटरसायकल दुरुस्ती : सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस इकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते एका जागी लिहून ठेवतोय. जास्त करून १०० ते १५० सीसीच्या गाड्यांबद्दल आहे, स्प्लेंडर, पॅशन, शाईन, डिस्कव्हर, युनिकॉर्न, छोटी पल्सर असल्या. मोठ्या गाड्यांना बरंचसं लागू पडतं पण आकडे बदलतात, ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातनं घ्यायचे. माझा आग्रह एकच, आधी बघा, ऐका, वास घ्या आणि मगच पाना हातात घ्या, कारण इंजिन खोलायची वेळ फार क्वचित येते आणि उगाच खोललेलं इंजिन परत पहिल्यासारखं बसेलच असं नाही.

गाडी सकाळी चालूच होईना. सुरुवात कुठनं करू?

हँडलवरचा किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटन, बघा पहिला. पोरं गाडीवर बसून खेळतात, बटन दाबून जातात आणि घरातला माणूस घाम येईपर्यंत किक मारत राहतो. मग साईड स्टँड, बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की गाडी चालूच होत नाही नाहीतर गिअर टाकला की बंद पडते. मग न्यूट्रलचा हिरवा दिवा. मग टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा, आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज येतोय का ऐका, काट्यावर विसंबू नका, आणि कॉकवाली (टाकीखाली पेट्रोलची तोटी असलेली) गाडी असेल तर कॉक चालू आहे का बघून एकदा रिझर्व्हला घेऊन बघा.

एवढं झालं की तीनच गोष्टी उरतात, पेट्रोल, करंट आणि हवा. सेल्फ मारल्यावर नुसतं कट कट वाजत असेल आणि दिवे मंद होत असतील तर बॅटरी. सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर पेट्रोल पोचत नाही नाहीतर प्लगला करंट नाही. किक एकदम रिकामी, बिनजोराची जात असेल तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गेलंय, प्लग सैल नाही ना एवढं बघा आणि नसेल तर ते गॅरेजचं काम. किक हलतच नसेल तर जोर लावायचा नाही, तिथंच थांबायचं.

चोक ओढून खूप किका मारल्यात आणि पेट्रोलचा वास सुटलाय, म्हणजे प्लग ओला झाला. कार्बोरेटरवाल्या गाडीला चोक बंद करा, एक्सलेटर पूर्ण पिळून धरा आणि सावकाश आठ-दहा किका मारा, जादाचं पेट्रोल निघून जातं. तरी नाही झाली तर प्लग काढा.

प्लग काढून नक्की काय बघायचं?

प्लग म्हणजे इंजिनच्या आतल्या कारभाराची खबर, म्हणून मी याच्यावर सगळ्यात जास्त भर देतो. इंजिन गार असताना काढा. काढायच्या आधी प्लगच्या बुडाशी साठलेली माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सरळ बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो त्या नळकांड्यात पडते. आपल्याकडं उसाच्या हंगामात रस्त्यावर एवढी माती असते की प्रत्येक प्लगभोवती चिमूटभर सापडतेच.

टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक चाललंय. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर तुंबलाय नाहीतर चोक पूर्ण सुटत नाही. काळं पण तेलकट ओलं असेल तर ऑईल वर चढतंय, म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व सील झिजलंय, आणि सायलेन्सरमधनं निळसर धूर येत असेल तर शंकाच नको. पांढराफटक, भाजल्यासारखा दिसत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, हवा कुठनंतरी जादा ओढली जातेय, किंवा चुकीच्या नंबरचा प्लग बसवलाय.

करंट बघायचा तर प्लग कॅपमध्ये बसवा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला पक्कं टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, कारण त्या भोकातनं पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने ती पेटू शकते. हाताने धरू नका, कोरड्या रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळी, टकटकीत ठिणगी चांगली, पिवळी-लाल आणि रेंगाळणारी अशक्त. इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत अर्थिंग नीट न करता हे करत बसू नका, कॉईल आणि कंट्रोल युनिटला (गाडीच्या कॉम्प्युटरला) धोका असतो, त्यापेक्षा नवा प्लग घालून बघणं स्वस्त पडतं.

प्लगच्या दोन टोकांमधला गॅप बहुतेक छोट्या गाड्यांत ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा नेमका किती ते पुस्तकात आहे, फिलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) मोजायचा. बसवताना पहिले आटे हातानेच, पाना न लावता. प्लग बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकडा धरून पान्याने दामटला की आटे जातात आणि पन्नास-शंभरच्या प्लगपायी हेडचं काम निघतं. हाताने टेकला की नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळायचा, जुना असेल तर पाव फेऱ्याच्या आतच.

माझी गाडी बीएस-६ आहे. तिला पण हेच चालेल का?

थोडं वेगळं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुरातल्या प्रदूषणाचा नियम) लागू झालं आणि तेव्हापासून बहुतेक छोट्या गाड्यांतनंही कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. चोक नाही, कॉक नाही, टाकीत इलेक्ट्रिक पंप. चावी फिरवल्यावर टाकीतनं दोन-तीन सेकंद बारीक घुर्र असा आवाज येतो, तो आला की थांबून मग सेल्फ मारायचा. आवाजच नाही तर आधी फ्यूज आणि बॅटरी बघा, पंपाला दोष देऊ नका.

मीटरवरचा इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा चावी लावल्यावर लागून गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. चालू गाडीत लागून राहिला किंवा लुकलुकत असला तर कुठलातरी सेन्सर तक्रार करतोय, तो कोड मशीन लावून वाचावा लागतो, अंदाजाने वायरी ओढायच्या नाहीत. आणि टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी चालवायची सवय सोडा, पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो.

बॅटरी पार उतरली असेल तर अशी गाडी ढकलून चालू होईलच असं नाही, कारण पंपाला आणि कंट्रोल युनिटलाच करंट लागतो.

सेल्फ उचलत नाही. बॅटरी गेली का चार्जिंग होत नाही, कसं ओळखू?

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर आणा, याच्याइतकं कामाला येणारं दुसरं हत्यार नाही. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या खाली असेल तर उतरलीय. आता गाडी चालू करून (किकने करा) रेस थोडी वाढवा. १३.५ ते १४.५ च्या मधे दाखवलं तर चार्जिंग ठीक. १२ वरच अडकून राहिलं तर रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्ट सांभाळणारा भाग) किंवा चार्जिंग कॉईल, आणि १५ च्या वर गेलं तर रेक्टिफायर बिघडलाय, लगेच बदला, नाहीतर बल्ब उडत राहतील आणि नवी बॅटरीसुद्धा जाईल.

चार्जिंग ठीक आहे, रात्री चार्ज केली तरी सकाळी परत ११ वर, मग बॅटरीचं आयुष्य संपलं. पण नवी घ्यायच्या आधी टर्मिनल बघा, पांढरा-हिरवट क्षार जमला असेल किंवा स्क्रू सैल असेल तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. चार्जर छोटा पाहिजे, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने सावकाश चार्ज करायचं. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या चार्जरवर लावून तासात भरायची घाई करू नका, फुगते.

गाडी पाच-सहा किलोमीटर गेली की बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. हे काय आहे?

हा प्रश्न मला आवडतो कारण उत्तर न खोलता सापडतं. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक तुंबलंय. पेट्रोल खाली उतरतं तशी वरनं हवा आत यायला लागते, ती नाही आली की पेट्रोल अडतं. झाकण साफ करा, खर्च शून्य.

झाकणाने फरक पडला नाही तर तिथंच, गाडी गरम असतानाच प्लगचा करंट बघा. गरम असताना करंट नाही आणि गार झाल्यावर येतोय, तर इग्निशन कॉईल किंवा पिकअप कॉईल (दोन्ही ठिणगीच्या कामातले भाग) तापून सोडतेय. गॅरेजला नेईपर्यंत गाडी गार होते, मिस्त्रीला काही सापडत नाही आणि लोक म्हणतात गॅरेजवाल्याला कळत नाही. म्हणून हे रस्त्यातच बघणं महत्त्वाचं.

धुऊन आणली की मिसिंग मारते, म्हणजे अडखळत चालते.

प्लग कॅपमध्ये पाणी गेलंय. कॅप काढा, आतनं कोरडं करा, रबर फाटलं असेल तर कॅप बदला. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा की प्रेशरचा फवारा प्लग, मीटर, चाकांचे बेअरिंग आणि एअर फिल्टरच्या तोंडावर मारायचा नाही.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली. आता काय?

सांगलीकरांना हा प्रश्न २००५ ला पडला, २०१९ ला पडला, २०२१ ला परत पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना, आणि गावभाग, मारुती चौक, कोल्हापूर रोड इकडच्या पार्किंगमधल्या गाड्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. तेव्हा ज्या गाड्या कायमच्या गेल्या त्यातल्या बऱ्याचशा पाण्याने नाही, पाणी उतरल्यावर घाईघाईने मारलेल्या किकने गेल्या. म्हणून हे उत्तर लांब आहे, नीट वाचा.

पहिलं म्हणजे चावी लावू नका, सेल्फ मारू नका, किक मारू नका, उतारावर ढकलून गिअर टाकू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल आणि पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, हवेसारखं आकसत नाही, सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. तिथनं पुढं इंजिनचं पूर्ण काम.

दुसरं, फोटो. गाडीवर पाण्याची खूण, नंबरप्लेट, आजूबाजूचं पाणी, सगळं दिसेल असे. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचं काही मिळत नाही, पण फुल असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं. मात्र आधी कंपनीला फोन करून कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही खोलू नका, गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि त्याने इंजिन बिघडलं असं दिसलं की क्लेम अडकतो.

विमा नाही किंवा क्लेम करायचा नाही, मग पुढचं घरी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाळ ओला असतानाच साध्या नळीने, हलक्या धारेने धुवा, कृष्णेचा तो चिकट गाळ एकदा वाळला की इंजिनच्या फिन्समधनं (बाहेरच्या पात्यांतनं) आणि चेनमधनं निघता निघत नाही. मग ड्रेन बोल्ट खोला. पाणी ऑईलपेक्षा जड असल्याने खाली बसलेलं असतं, आधी पाणी येईल मग ऑईल, सगळं निथळू द्या. प्लग काढा, मेन स्टँडवर गाडी लावून किक हाताने सावकाश दाबा, प्लगच्या भोकातनं पाणी उडेल, तोंड लांब ठेवा. पाणी यायचं थांबेपर्यंत करा. किक हाताने दबतच नसेल तर काहीतरी अडकलंय, थांबा.

टाकी पूर्ण रिकामी करा. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि दोन्ही मिळून खाली वेगळा थर धरतात. काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेवा, थर डोळ्यांनी दिसतो. असलं पेट्रोल गाळून परत वापरायचं नाही. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तिथलंही सोडा. इंजेक्शनची गाडी असेल तर टाकीतला पंप काढून साफ करावा लागतो, ते गॅरेजकडे द्या. कागदी एअर फिल्टर फेकून द्या, त्याचा डबा आतनं पुसून वाळवा. सायलेन्सर काढून उलटा करा, त्यात भरपूर पाणी असतं.

आता प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑईल आत सोडा, किक हाताने पाच-सहा वेळा फिरवा म्हणजे बोअरला तेल लागेल. नवं ऑईल भरा, साधं स्वस्त चालेल, कारण ते टाकूनच द्यायचंय. नवा प्लग, ताजं पेट्रोल, आणि गाडी चालू झाली तर रेस न करता पाच मिनिटं नुसती चालू ठेवा. बंद करून ऑईल बघा, दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर आत अजून पाणी आहे, काढा, परत भरा. स्वच्छ येईपर्यंत हे करावं लागतं, दोन-तीनदा सहज. मग शेवटी तुमच्या गाडीचं नेहमीचं चांगलं ऑईल.

गाडी चालू झाली म्हणजे संपलं असं नाही. ब्रेक ड्रम उघडून आतला गाळ काढा आणि लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) पॉलिश पेपरने घासा, त्याआधी गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. चाकांचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग), शॉकअपचं ऑईल, स्पीडोमीटरची केबल हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गंजतात आणि मग आवाज सुरू होतात, म्हणून सगळं ग्रीसिंग एकदाच करून घ्या. वायरिंगचे कपलर (वायरींचे जोड) एकेक सोडवा, हवा मारा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, उन्हात वाळू द्या. मीटर आणि कंट्रोल युनिट घरी उघडू नका.

गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त बुडून होती तर वरचं काही करत बसू नका, बोअर आतनं गंजलेलं असतं, गॅरेजमध्ये हेड-ब्लॉक उघडून बघणंच योग्य.

आणि आयर्विनची पातळी ४० फूट, म्हणजे इशारा पातळीकडं सरकायला लागली की गाडी विश्रामबाग किंवा मिरजेकडं उंचावर कुणाच्यातरी दारात नेऊन लावा. पाणी दारात येईपर्यंत वाट बघू नका.

रस्त्यावर साचलेल्या पाण्यातनं जाताना बंद पडली, पूर्ण बुडालेली नाही.

शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाळ्यात हे रोजचं आहे. पाण्यातच परत परत सेल्फ मारू नका. ढकलत कोरड्यावर आणा, एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असेल तर इंजिनमध्ये पाणी गेलेलं नाही, प्लग कॅप पुसून चालू करा. ओला असेल तर प्लग काढून हाताने किक, वर सांगितलंय तसं. पाण्यातनं जायचंच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, रेस एकसारखी धरून, मधे न सोडता जा.

कार्बोरेटरमधनं पेट्रोल गळतंय.

कॉक बंद करा आधी. वाटीत पेट्रोल येणं थांबवणाऱ्या फ्लोटच्या सुईत कचरा अडकलाय बहुतेक. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकं ठोकून बघा, कधी कधी तेवढ्यावर सुई बसते. नाही बसली तर वाटी उघडून साफ करावी लागते, दोन-चार स्क्रू असतात, येतं घरी करायला, पण जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या) भोकात तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मायलेज कायमचं जातं, हवा मारूनच साफ करायचं. रात्रभर गळलं असेल तर ऑईलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका, पातळ झालेलं ऑईल इंजिनला वंगण देत नाही.

आणि हे काम बाहेर, उघड्यावर. घरात शेगडी, देवघरातली समई, अंगणातली चूल, काही पेटतं असेल तिथं पेट्रोलचं काम करायचंच नाही. गाडी चालू ठेवून बघायची असेल तरी बंद खोलीत नको, सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

चेन सारखी सैल होते आणि खडखडते.

मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल, इंजिन बंद. खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकांच्या) मधोमध चेन वर-खाली करून बघा, बऱ्याच छोट्या गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर खेळ पाहिजे. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा, एका जागी घट्ट आणि दुसरीकडं सैल असेल तर चेन सगळीकडं सारखी झिजलेली नाही, आवळून उपयोग नाही. ॲक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आणायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका बाजूने खातं. गच्च आवळलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, बेअरिंग खाते.

इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेनला फडकं लावायचं काम कुणी करू नका. फडकं ओढलं जातं आणि बोटं जातात. चाक हाताने फिरवा.

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून, रस्त्यावरची माती आणि पाचटाचा चुरा चेनला चिकटतो. तेव्हा दर पाचशे किलोमीटरला रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून साफ, पुसून कोरडी, मग ९० नंबरचं गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने. जळकं ऑईल लावू नका, त्यात आधीच कीस असतो. स्प्रॉकेटचे दात टोकदार आणि एका बाजूला कललेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला, नुसती चेन बदलली तर जुने दात नवी चेन लवकर खातात.

ब्रेक घरी करावेत का?

ड्रमचा ब्रेक आवळणं, पॅड किती उरलेत बघणं, केबलला तेल देणं, हे हो. मागच्या पायडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा, आवळल्यावर चाक हाताने फिरवून बघा, घासत असेल तर जास्त झालंय. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरच्या बाणाची खूण शेवटच्या रेघेला भिडत असेल तर लायनर संपले, आवळत राहू नका.

डिस्कचं ऑईल बदलणं, हवा काढणं, एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) हात लावणं, हे शिकलेल्या माणसाकडनंच. डिस्क ब्रेकचं ऑईल हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, डबीवर डॉट-३ का डॉट-४ लिहिलंय तेच घालायचं, आणि ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धुवा. डिस्कला किंवा लायनरला तेलाचा थेंब लागता कामा नये, चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर फडकं टाका. ब्रेकच्या कामात थोडी जरी शंका राहिली तर गाडी बाहेर काढू नका, गॅरेजवाल्याला घरी बोलवा.

ऑईल कुठलं आणि किती दिवसांनी?

पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं, १०डब्ल्यू-३० असेल तर तेच, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑईलची खूण) लिहिलेलं बघून. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये फिरतो, कारचं ऑईल घातलं की क्लच सुटायला लागतो. छोट्या गाडीत लिटरभराच्या आतबाहेर बसतं. गाडी पाच मिनिटं गरम करून सोडा म्हणजे पातळ होऊन सगळं निघतं, ड्रेन बोल्टचा वायसर नवा घाला, आणि बोल्ट बेताने आवळा, हे आटेही ॲल्युमिनियमचेच. पातळी बघताना गाडी सरळ मेन स्टँडवर पाहिजे, हिरो-होंडाच्या बऱ्याच गाड्यांत कांडी न फिरवता नुसती टेकवून बघायची असते.

जळकं ऑईल गटारीत ओतू नका, गटार शेवटी कृष्णेला जातं आणि तेच पाणी आपण पितो. जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, ते साठवून विकतात.

एअर फिल्टर धुवायचा का?

फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, थोडं इंजिन ऑईल लावून परत. कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं मातीच्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर पुस्तकात लिहिलेल्या निम्म्या अंतराला उघडून बघत जा.

रेस होते पण गाडी ओढत नाही.

क्लच सुटतोय. आधी लिव्हरचा खेळ बघा, टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळा पाहिजे. केबल ताणलेली असेल तर क्लच पूर्ण बसतच नाही आणि प्लेटा जळतात. खेळ बरोबर आहे तरी चढाला, दंडोबाकडं जाताना वगैरे, इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही, तर क्लचप्लेट संपल्या. त्याआधी एकदा मागचं चाक मोकळं फिरतंय ना बघा, ब्रेक धरून राहिलेला असला तरी असंच वाटतं.

फ्यूज सारखा उडतो, तार बांधली तर चालेल?

नाही. वायर कुठंतरी घासून बॉडीला लागतेय, तार बांधली तर फ्यूजऐवजी वायरिंग पेटेल. हँडलच्या मुळाशी, सीटखाली आणि टेललाईटकडं जाणाऱ्या वायरी बघा. गोठ्याजवळ गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेली वायर हमखास सापडते.

इंजिनमधनं टकटक आवाज येतोय.

गार असताना येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो तर टॅपेट (व्हॉल्व उघडणाऱ्या भागातला खेळ) असू शकतात. टॅपेटची सेटिंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असते, इंजिन पूर्ण गार लागतं, फिलर गेज लागतं, ज्याने आधी कुणाच्या हाताखाली केलंय त्यानेच करावं. आवाज रेसबरोबर वाढत जाणारा, जड, खालनं येणारा असेल तर ऑईलची पातळी बघा आणि गाडी चालवू नका, टेम्पोत घालून न्या.

घरी कुठली हत्यारं ठेवू?

प्लगपाना, ८ ते १७ पर्यंतचे रिंग पाने, मागच्या ॲक्सलच्या नटाला बसेल असा एक मोठा पाना, चांगले दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ॲलन की, फिलर गेज, मल्टीमीटर, हवा बघायचं गेज. पाने चांगल्या लोखंडाचे घ्या, मऊ पाना नटाचे कोपरे खातो आणि मग छिन्नी-हातोडा हातात घ्यावा लागतो. टायरची हवा महिन्यातनं दोनदा गार टायरवर स्वतः बघा, स्प्लेंडरसारख्या गाडीला एकटा माणूस असेल तर पुढं २५ आणि मागं २८, मागं माणूस बसणार असेल तर मागची वाढवावी लागते, चेनकव्हरवर किंवा पुस्तकात आकडा असतो.

गॅरेजला न्यायचीच झाली तर मिस्त्रीला काय सांगायचं?

"प्लग बदला, कार्बोरेटर साफ करा" असं काम सांगू नका, त्रास सांगा. गार असताना होतं का गरम झाल्यावर, किती किलोमीटरनंतर, कुठल्या गिअरमध्ये, पेट्रोल कुठं भरलं होतं, धुतल्यानंतर सुरू झालं का, पाण्यातनं गेली होती का. तुम्ही घरी काय काय बघितलं आणि काय खोललं तेही लपवू नका, त्याचा अर्धा वेळ वाचतो. आवाज असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून न्या. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि तो नक्की कुठं झिजलाय हे त्याच्याकडनंच समजून घ्या, सांगलीतले जुने मिस्त्री वेळ असला की मनापासून दाखवतात. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी सकाळी लवकर न्या.